एकटीनं चालत पंढरपूर: आधी परतीचं ठरवा, मग पिशवी भरा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४४, बेळगावच्या शहापुरात राहता, माघी एकादशीला पंढरपूरला चालत जायचंय आणि ते पण एकटीनं, कारण दिंडीच्या तारखा तुमच्या रजेत बसत नाहीत आणि एकदा तरी गप्प राहून चालायचं मनात आहे. रजा सगळी मिळून १६ दिवस. घरचे म्हणतात एकटी नको. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय की येताना कसं यायचं ते तिथं गेल्यावर बघितलं तर चालतंय काय.

नाही चालत. मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतंय.

दिंडीत असताना आपल्याला वाटतंय आपण चाललो, पण खरं बघितलं तर निम्मं काम दिंडीच करत असते. वळकटी टेम्पोत, आचारी पुढच्या मुक्कामाला आधीच पोचलेला, शाळेच्या नाहीतर देवळाच्या खोल्या महिनाभर आधी सांगून ठेवलेल्या, थांबा म्हटलं की थांबायचं आणि चला म्हटलं की चालायचं, पाय सुजला तर टेम्पोत बसायचं आणि सगळं आटपलं की त्याच टेम्पोतनं दारात उतरायचं. यातलं एकही काम आपण केलेलं नसतंय म्हणून ते दिसतही नाही. एकटीनं निघताना प्लॅन करायचा म्हणजे ही सगळी कामं आता कोण करणार ते एकेक करून ठरवायचं, बाकी काही नाही. आणि त्यात परतीचं काम लोक हमखास विसरतात, कारण मनात चित्र कळस दिसला इथपर्यंतच असतंय.

तर उलटं मोजा. १६ दिवसांतले शेवटचे २ घरचे, त्याला हात लावायचा नाही. चालून आल्यावर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाणारे लोक मी बघितलेत, पाय चपलेत जात नाही आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. त्याच्या आधीचा १ दिवस प्रवासाचा. त्याच्या आधीचे २ पंढरपुरात, एकादशी आणि बारस. म्हणजे दशमीला दुपारपर्यंत तुम्ही पोचायचं आणि तेरशीला सकाळी परत निघायचं. राहिले ११, त्यातला १ मिरजेला आरामाचा, तोच तुमचा जादाचा दिवस पण, आजारी पडला किंवा एखादा टप्पा लांबला तर तो खर्च करायचा. चालायला उरले १०.

आता १० दिवसांत बेळगावपासून पंढरपूर होतंय काय? संकेश्वर, चिकोडी, कागवाड, मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला असं गेलं तर अडीचशेच्या वर किलोमीटर भरतात. रोज २५-२६, सलग. पहिल्याच वेळेला मी कुणालाही हे सांगणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, कुणाला पटो न पटो: कपिलेश्वराला नमस्कार करा आणि संकेश्वरपर्यंत बसनं जा. काकतीपासून वंटमुरीचा घाट, हत्तरगीचा टोल नाका ते संकेश्वर हा सगळा हायवे आहे, लॉऱ्या आणि लक्झरी अंगावर येतात, सावली नाही, बोलायला माणूस नाही, त्यात ना भक्ती ना चालण्याचं सुख. ते ५० किलोमीटर गेले की २०० ते २१० राहतात, म्हणजे रोजचे २०-२२, हे जमण्यासारखं आहे. उंबऱ्यापासून चाललं तरच वारी असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, विटेवरचा काय किलोमीटर मोजत बसलेला नाही. हां, उंबऱ्यापासूनच निघायचं असा तुमचा नवस असेल तर मग रजा ३-४ दिवसांनी वाढवा, पण रोजचं अंतर वाढवू नका.

माघी निवडलीत ते बरं केलं. आषाढीला आपल्याकडं पाऊस तोंडावर असतोय, कृष्णा-दूधगंगा-वेदगंगेला पाणी आलं की चिकोडी तालुक्यातले सखल बंधारे आणि पूल पाण्याखाली जातात, कल्लोळ-यडूरसारखे तर दरवर्षी बातमीत असतात, आणि एकटीला वळसा घालून जायला लागलं तर एक अख्खा दिवस मोडतो. माघात नद्या शांत, पहाटे थंडी, रात्री पांघरूण लागतंयच. दुपारी ऊन मात्र लागतं, विशेष करून मिरजेच्या पुढं.

पण माघात दुसरी एक गोष्ट असते जी दिंडीतल्या माणसाला जाणवत नाही, ती म्हणजे उसाचा हंगाम. संकेश्वर, चिकोडी, उगार, शिरगुप्पी, सगळीकडं कारखाने चालू. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर आलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरनं टेप इतका मोठा लावलेला असतोय की तुम्ही ओरडला तरी त्याला ऐकू जाणार नाही. पहिली ट्रॉली तुमच्या बाजूनं नीट जाते, दुसरी वळणावर शेपटीसारखी आत येते. म्हणून नेहमी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं, समोरून येणारं वाहन दिसलं पाहिजे, आणि ट्रॅक्टर दिसला की डांबरावरनं खाली उतरून दुसरी ट्रॉली जाईपर्यंत उभं राहायचं, तेवढ्या वेळात दोन घोट पाणी प्यायचं. बांधकामावरचे लोक घालतात तसलं चमकणारं जाकीट दोनशे-तीनशेला मिळतंय, साडीवर घाला नाहीतर ड्रेसवर घाला, दिसायला कसं दिसतंय याचा विचार करू नका. आणि अंधारात चालायचंच नाही. दिंडी पहाटे चारला निघते कारण पुढं-मागं शंभर माणसं असतात. तुम्ही फटफटीत झाल्यावर निघा, त्या दिवसांत साधारण पावणेसात. अकरा-साडेअकरापर्यंत १५-१६ किलोमीटर होतात, मग जेवण आणि आडवं होणं, साडेतीनला उठून उरलेले ५-६. साडेपाचला मुक्कामाच्या गावात पाहिजेच पाहिजे. उजेड असताना पोचणं हे एकटीसाठी सगळ्यात मोठं संरक्षण आहे, काठी आणि मिरचीपूड नंतर. काठी मात्र घ्या, कुत्र्यांसाठी. मारायला नाही, हातात दिसली की पुरते.

मुक्काम. याचीच तुम्हाला जास्त काळजी असणार. संकेश्वर, चिकोडी, मिरज, सांगोला इथं लॉज आहेत, तिथं सरळ खोली घ्या, फोनवर आधी सांगून ठेवा, यात काही कमीपणा नाही. मधल्या गावांत विठ्ठल मंदिर, हनुमान मंदिर, लिंगायत मठ, जैन बस्ती, कुठं ना कुठं सोय होते, पण विचारायची एक पद्धत आहे. गावात शिरल्या शिरल्या पारावर बसलेल्या पोरांना "इथं झोपायला जागा मिळेल काय" असं विचारत फिरायचं नाही. आधी देवळात जायचं, हातपाय धुऊन बसायचं. संध्याकाळी बहुतेक विठ्ठल मंदिरांत हरिपाठ असतो, त्यात मागं बसून टाळी धरायची, येत असेल तर म्हणायचं. हरिपाठ झाला की तुम्हाला विचारायला लागत नाही, एखादी आजीच येऊन विचारते, कुठल्या गावची गं तू, कुणाबरोबर आलीस, माळ हाय काय गळ्यात. एकटी आहे म्हटलं की आधी दोन मिनिटं बोलणी खायची तयारी ठेवा, आणि मग ती तुम्हाला देवळात झोपूच देत नाही, घरी घेऊन जाते. माझ्या बघण्यात तरी एकट्या बाईला देवळाच्या ओसरीपेक्षा कुणाच्या तरी सोप्यात रात्र काढायला मिळालेली जास्त आहे. जिथं हरिपाठ नसेल तिथं पुजाऱ्याच्या घरातल्या बायकांशी बोला, पुजाऱ्याशी नंतर.

कागवाडपर्यंतच्या पट्ट्यात पाट्या कानडीत आणि कितीतरी गावांत बोलणंही कानडीच. शहापूरची असल्यामुळं तुम्हाला थोडं येतच असणार, नसेल तर तीन वाक्यं पुरतात: "पंढरापूरक्क नडकोंत होंटीनरी", म्हणजे पंढरपूरला चालत निघालेय, "नीर कोडरी", म्हणजे पाणी द्या, आणि "इल्ली गुडी एल्ली ऐतरी", म्हणजे इथं देऊळ कुठं आहे. विठ्ठलाला चालत जाणाऱ्याला मराठी की कानडी असं तिथं कुणी विचारत नाही, मठात गेलात तर दासोह, म्हणजे प्रसादाचं जेवण आहे, जेवूनच जा म्हणतात. ताटात पडेल ते खा, ज्वारीची भाकरी आणि सार मिळालं तर दिवसभराची चाल निभते. सकाळी हॉटेलात उप्पीट, इडली काय मिळेल ते. हातात गूळ-शेंगदाणे, दोन केळी आणि पाणी दीड लिटर तरी असावंच. पैसे कुणी घेतले नाहीत तर देवापुढं ठेवा, फुकट खाऊन उठू नका. दिवसाला चार-पाचशे धरून चला, लॉजचे वेगळे. फोनवरनं पैसे सगळीकडं जातात, पण चार्जिंग जातंच की, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा.

अंतरं सांगते, साधारण धरा, पाच-सहा किलोमीटर इकडंतिकडं. संकेश्वर ते चिकोडी पंचवीस-सत्तावीस, पहिल्या दिवशी बसचा प्रवास झालेला असतोय म्हणून त्या दिवशी निम्मंच करा. चिकोडीहून अंकली, तिथनं कृष्णा ओलांडून कागवाड, संकेश्वरपासून सगळे मिळून तीन दिवस. कागवाड ते म्हैसाळवरून मिरज एक दिवस, तो हलका आहे. इथं मिरजेला आराम. मुद्दाम मिरज, कारण डॉक्टर-दवाखान्यांचं गाव आहे, पाय दाखवायचा असेल तर तिथंच दाखवा, आणि तिथनं रेल्वेनं थेट बेळगाव आहे, पुढं जायचं की नाही हा निर्णय घ्यायची तीच जागा. मिरजेहून कवठेमहांकाळ दोन दिवस, तिथनं नागजवरून सांगोला अडीच दिवस, हा पट्टा दुष्काळी, म्हैसाळच्या योजनेचं पाणी आल्यापासून द्राक्ष-डाळिंबाच्या बागा दिसतात पण रस्त्याला सावली नाही, गावं लांब लांब, इथं पाणी दोन लिटर आणि दुपारची विश्रांती मोठी. सांगोल्यापासून पंढरपूर तीस-बत्तीस, ते एका दमात मारायचा मोह होतोय, करू नका. त्याच दिवशी पुढं अर्ध्यावर जाऊन मुक्काम करा, दशमीला दुपारपर्यंत ताज्या पायानं पोचा. बेरीज करून बघा, चालीचे दहा होतात.

कवठेमहांकाळपासून पुढं माघीच्या दिंड्या रस्त्याला भेटतात. तुम्हाला गप्प चालायचंय ते दिवसा चाला, पण रात्री विणेकऱ्याला किंवा दिंडीतल्या एखाद्या वयस्कर बाईला विचारून त्यांच्या बायकांत झोपा, जेवणाचे पैसे द्या. चालायचं एकटीनं, झोपायचं चौघींत. घरच्यांनाही हे वाक्य सांगा, निम्मा विरोध तिथंच संपेल. उरलेल्या निम्म्यासाठी काय करायचं तर निघण्याआधी मुक्कामांची यादी लिहून फ्रीजवर चिकटवा, रोज संध्याकाळी सहाला फोन, आणि त्या फोनवर ज्यांच्या घरी उतरलाय त्यांचा नंबर द्यायचा. सातपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी त्या दिवशीच्या गावात चौकशी सुरू करायची, हे आधी ठरलेलं असू दे, म्हणजे दर तासाला "कुठं पोचलीस" नको. दिवसभर लोकेशन चालू ठेवलं तर बॅटरी दुपारीच संपते. ११२ आणि १०८ दोन्ही राज्यांत चालतात.

पायांबद्दल थोडं जास्त लिहिते कारण वारी पायावरच मोडते, दम लागून कुणी परत आलेलं मला तरी माहीत नाही. बूट नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठा, आणि दोन महिने आधी घेतलेला, नवीन बूट घालून निघायचं नाही. सोबत पट्ट्याचं सँडल, दुपारनंतर पाय फुगतात तेव्हा ते. कोल्हापुरी चप्पल फोटोला. सकाळी पायमोजा घालायच्या आधी बोटांच्या मधे, टाचेला आणि मांड्या घासतात तिथं व्हॅसलीन, चांगलं थापून. अकराला थांबलं की पहिलं काम बूट काढणं, जेवण नंतर; मोजे उलटे करून उन्हात टाका आणि दुसरा जोड घाला. कुठं चुरचुरायला लागलं की त्याच जागी, तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावा. पुढच्या गावात बघू म्हटलं की फोड आलाच. फोड छोटा असेल, दुखत नसेल तर हात लावू नका. मोठा असून पाऊल टेकता येत नसेल तर सुई स्पिरिटनं पुसून कडेला टोचायची, पाणी दाबून काढायचं, वरची कातडी अजिबात काढायची नाही, मलम आणि पट्टी. जुने लोक दोरा ओवून आतच ठेवतात, ते करू नका, दोऱ्यावाटे घाण आत जाते. शुगर असेल तर यातलं काहीच घरी करायचं नाही, दवाखाना. नखं निघायच्या चार दिवस आधी सरळ कापा, निघायच्या दिवशी नको.

दुखतंय म्हणून रोज सकाळी पेनकिलर घेऊन निघणारे असतात, त्यांच्या नादाला लागू नका, उन्हात पाणी कमी पडलेलं असताना त्या गोळ्या किडनीला त्रास देतात. अगदीच झालं तर रात्री, जेवून, आणि तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून. ओआरएसची मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात असला हिशेब नाही.

आणि बाईच्या दृष्टीनं ज्या गोष्टी कुणी लिहीत नाही त्या. पाणी कमी प्यायचं कारण म्हणजे जायला जागा नाही, हे सगळ्याजणी करतात आणि चौथ्या दिवशी लघवीला जळजळ. पेट्रोल पंप, दवाखाने, शाळा, कुणाचंही घर, सरळ विचारा, बाई म्हणून कुणी नाही म्हणत नाही. ऊस उभा आहे तिथं आडोसा असतो, तोड झालेल्या रानात नसतो, म्हणून हॉटेल दिसलं की गरज नसली तरी जाऊन या. पाळी वाटेत आली तर? पॅड्स सोबत ठेवा, दुखत असेल तर एक दिवस थांबा, आणि मुक्कामाला कुणी विचारलंच तर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. विठ्ठलाचं त्याला काही म्हणणं नाही असं माझं मत. मी तरी कधी सांगत बसले नाही.

पिशवी सहा किलोच्या आत, पाण्यासकट. दोन ड्रेस, एक शाल, एक पातळ चादर, मोजे तीन जोड, टॉर्च, पॉवर बँक, औषधं, आधार आणि त्याची झेरॉक्स, बास. साडी नेसून चालायचं असेल तर नऊवारी किंवा गोल साडी जरा वर नेसून, बाकी पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. पोथी पातळ घ्या. भरून झालं की अंगावर अडकवून एका रविवारी बेळगाव ते खानापूर चालत जा, सव्वीसेक किलोमीटर आहे, येताना बस नाहीतर रेल्वे. त्याच्या आधी महिनाभर राजहंसगडापर्यंत चकरा मारा. पण खरी परीक्षा खानापूरची नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी उठून परत दहा किलोमीटर चालता आलं काय ही आहे. ते जमलं की तुम्ही तयार.

आता पंढरपूर आणि येणं. खोलीचं आधी बघा, मंदिर समितीचं भक्तनिवास आहे, मठ-धर्मशाळा ढीग आहेत, पण वारीच्या तोंडावर गेल्यावर जागा मिळेल हे डोक्यातनं काढा, आपल्या भागातल्या दिंड्या ज्या मठात उतरतात तिथं ओळखीनं महिनाभर आधी सांगून ठेवा. एकादशीला पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभं राहू नका असं मी सांगेन, तासन्तास जातात, आणि दहा दिवस चाललेल्या पायाला चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त जड जातं. नामदेव पायरी, कळस, प्रदक्षिणा, एवढं एकादशीला. बारशीला पहाटे रांग बघून ठरवा, जमलं तर पदस्पर्श नाहीतर मुखदर्शन. चंद्रभागेत उतरायची प्रत्येकाला ओढ असते, पण पायाला फोड फुटलेला असेल तर पाणी डोक्याला लावा, पाय घालू नका, गर्दीच्या दिवसांत त्या पाण्याचं काय झालेलं असतं ते बघितलंय मी.

परत यायला तेरस का म्हटलं ते सांगते. माघी पौर्णिमा म्हणजे आपल्याकडची भारत हुण्णिमे, सौंदत्तीला यल्लम्माची जत्रा, चिंचलीच्या मायाक्काची जत्राही माघातच. म्हणजे पंढरपूरची गर्दी ओसरायच्या आत इकडची सुरू होते, बसगाड्या जत्रेकडं वळवलेल्या असतात आणि मिरज-बेळगाव रेल्वेत चिंचली, रायबागपर्यंत उभं राहायला जागा नसते. पौर्णिमेचा काला बघून निघू म्हणणाऱ्यांना हे दोन्हीकडनं सापडतं. तेरशीला सकाळी निघालात तर थोडं हलकं मिळण्याची शक्यता जास्त.

पंढरपूर-बेळगाव थेट बस मिळाली तर चांगलंच, सहा-सात तास धरा. पण सीमेवरच्या माणसानं फक्त थेट बसवर विसंबून राहू नये. महाराष्ट्र-कर्नाटक वादात डिसेंबर २०२२ मध्ये काय झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये काय झालं, आठवत असेल, कुठंतरी ठिणगी पडली की दोन्हीकडच्या एसट्या पहिल्या बंद होतात आणि आपण मधल्यामधे सीमेवरच्या कोगनोळी नाक्याकडं बघत बसतो. म्हणून माझी पसंती तुकड्यातुकड्यानं यायला: पंढरपूर ते मिरज एसटीनं नाहीतर रेल्वेनं, आणि मिरजेहून रेल्वेनं बेळगाव. तीनेक तासांचा रस्ता आहे, बस बंद असल्या तरी त्या लाईनवर गाडी मिळते, आणि मधे मिरजेला उतरून पाय मोकळे करता येतात. पंढरपूरहून थेट बेळगावला येणारी रेल्वे तुमच्या परतीच्या दिवशी असेल तर रजा घेतल्या दिवशीच रिझर्व्हेशन काढा, वेळापत्रक बदलत असतंय म्हणून मी नंबर देत नाही, बघून घ्या. एक गंमत, नकाशावर चिकोडी रोड आणि जत रोड ही स्टेशनं दिसतात म्हणून वाटेत थकल्यावर तिथं जाऊ असा बेत करू नका, दोन्ही गावापासून लांब आहेत, नावालाच चिकोडी नि जत. वाटेत सोडायचंच झालं तर चिकोडीहून बस, पुढं मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला इथनं रेल्वे किंवा एसटी.

तिकिटाचं पण बघा. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. आपल्या कर्नाटकाच्या सरकारी बसमधला शक्ती योजनेचा बायकांचा फुकट प्रवास जून २०२३ पासून, तो कर्नाटकाच्या आत. थेट आंतरराज्य बसला शक्ती लागू नाही, भांडत बसू नका, कंडक्टरचा काही दोष नसतो. यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात वेगवेगळ्या दिशेच्या गाड्यांना गावाबाहेर तात्पुरती स्थानकं करतात, तुमची गाडी कुठनं सुटते ते दशमीला पोचल्या पोचल्या विचारून ठेवा, तेरशीला पिशवी घेऊन गावभर हिंडायची ताकद नसते. रात्रीच्या गाडीनं अजिबात नको. दहा दिवस चाललेले पाय सलग सात तास लटकत ठेवले की घोट्यापर्यंत टम्म होतात, दिवसाची गाडी घ्या, बूट काढून बसा, दर दीड-दोन तासांनी उठून उभ्या राहा.

प्रसाद शेवटच्या दिवशी घ्या आणि बेतानं. चुरमुरे हलके असतात पण जागा खातात. बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, बत्तासे, एवढं पुरे, बाकीचे चुरमुरे-डाळे शहापुरात घेतले तरी वाटताना कुणाला कळणार नाही. हसू नका, बरेच जण तेच करतात.

घरी पोचल्यावर गल्लीतले लोक पाया पडायला येतील, तुम्ही लहान असलात तरी येतील, त्यांना नाही म्हणू नका, बुक्का लावा आणि आत जाऊन झोपा. मावंदं घालायचं असेल तर पुढच्या आठवड्यात, त्या दोन दिवसांत पुरणाच्या पोळ्या लाटत उभं राहायचं नाही, सासूबाईंना हे आत्ताच सांगून ठेवा. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे, पण उघडी जखम असेल तर नाही. अंगठ्याचं नख काळं पडलेलं असेल तर ओढू नका, नवीन खालनं येतं आणि जुनं आपोआप सुटतं, महिने लागतात. पोटरी एकाच पायाची सुजलेली, गरम आणि दुखरी वाटली तर वारीचं दुखणं म्हणून चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडं.

निघायची तारीख ठरली की मुक्कामांची यादी इथंच टाका, कुठल्या गावात कुणाकडं हरिपाठ असतो ते वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की सांगेल.